निघालीस का, पोचलीस का

एक संकेतस्थळ म्हणतं ४१२ किलोमीटर, दुसरं म्हणतं ४१३. विमानतळ तेच दोन. मग मधला एक किलोमीटर गेला कुठे, हे शोधत मी रात्री साडेअकरा वाजता बसले होते. तिकीट काढून झालं होतं, बॅग भरायची राहिली होती, आणि बॅग भरायची असली की मला नेमके असले उद्योग सुचतात.

दोन्ही विमानतळ लहान. नावं घेत नाही, घेतली की वाचणाऱ्याचं लक्ष गावांकडे जाईल आणि गावांचा इथे फारसा संबंध नाही. एका टोकाला मी राहते, दुसऱ्या टोकाला दादा, आणि चार वर्षांपासून दादाकडे आई. महिना-दीड महिन्यानं माझी एक खेप होते. मध्ये डोंगर आडवे असल्यानं रस्त्यानं हेच अंतर ५८० किलोमीटर पडतं आणि दिवस त्यातच जातो. म्हणून विमान. दिवसाला एकच, सत्तरेक आसनांचं, दोन पंख्यांचं. चुकलं तर थेट उद्या.

तर तो एक किलोमीटर. पृथ्वी म्हणजे नीट गोल चेंडू असं मानलं, तर तिची त्रिज्या सरासरी ६,३७१ किलोमीटर धरतात आणि दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून पृष्ठभागावरचं सर्वांत कमी अंतर काढतात. हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीच्या फार पुढचा नाही. पण पृथ्वी नीट गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर भरते, ध्रुवापाशी ६,३५७. एकवीस किलोमीटरचा हा चपटेपणा हिशेबात घेतला की उत्तर थोडं सरकतं, फार तर अर्ध्या टक्क्यानं. ४१२ वर अर्धा टक्का म्हणजे दोन किलोमीटर, त्यामुळे माझा हरवलेला एक किलोमीटर त्यात आरामात बसतो. एका संकेतस्थळानं पृथ्वीला चेंडू मानलं होतं, दुसऱ्यानं दाबलेला चेंडू. एवढं कळल्यावर झोप लागायला हरकत नव्हती. पण बॅग अजून उघडीच होती.

लहानपणी आमच्या घरी एक पृथ्वीगोल होता, ध्रुवाजवळ पोचा आलेला. दादा आणि मी त्यावर दोरा ताणून जगभर फिरायचो. दोरा ताणला की आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर जाऊन बसतो, तिथे गणित लागत नाही. पण भिंतीवरच्या नकाशात तीच दोन शहरं पट्टीनं जोडली की वाट निराळी निघायची आणि आमचं भांडण व्हायचं. दोरा खरा की पट्टी? मर्केटर या नकाशाकारानं १५६९ मध्ये केलेला नकाशा खलाशांसाठी होता. त्यावरची सरळ रेघ धरली तर होकायंत्राचा कोन शेवटपर्यंत बदलावा लागत नाही, वाट मात्र लांबते. भांडणात दोरा म्हणजे दादा जिंकायचा. ४१२ किलोमीटरच्या प्रवासात या भांडणाला काही अर्थ नाही, दोन्ही वाटा जवळजवळ एकच होतात. महासागर ओलांडायचा असेल तर मात्र दादाच बरोबर.

विमानवाले किलोमीटरच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांचं अंतर सागरी मैलात. एक सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या एका मिनिटाएवढी लांबी, १९२९ पासून नेमकी १,८५२ मीटर ठरवलेली. उंची फुटांत, वेग तासाला सागरी मैलांत, आणि धावपट्टीची लांबी मात्र बहुतेक जगात मीटरमध्ये. एकाच माणसाच्या डोक्यात तीन मोजमापं एका वेळी चालू असतात आणि तरी विमानं बरोबर उतरतात, याचं मला अजून नवल वाटतं. आमचे ४१२ किलोमीटर त्यांच्या भाषेत साधारण २२२ सागरी मैल. म्हणजे अंशांत पावणेचारलाही थोडं कमी. पृथ्वीचा पूर्ण घेर ३६० अंशांचा, तेव्हा मी दर महिन्याला पृथ्वीच्या घेराचा शंभरावा भाग जाते आणि शंभरावा भाग परत येते. हे मी एकदा आईला कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "शंभरावाच ना? मग दर आठवड्याला यायला काय होतं?"

आईचं आणि अंतराचं नातं वेगळं आहे. तिचा फोन ट्रंक कॉलच्या जमान्यातला. म्हणजे उपकरण नवं आहे, सवय जुनी. माणूस जितका लांब तितका आवाज मोठा लावायचा, हा तिचा नियम. मी शेजारच्या गल्लीतून बोलले तर ती कुजबुजल्यासारखं बोलते, माझ्या घरून बोलले तर ओरडते, आणि मामेबहीण परदेशात गेली तेव्हा तिच्याशी बोलताना आईचा आवाज खाली रस्त्यापर्यंत जायचा. पलीकडून येणाऱ्या आवाजावरूनही माणूस किती लांब आहे ते ओळखता येतं, असं तिचं ठाम मत आहे. आता सगळे आवाज सारखेच येतात, हे सांगून उपयोग होत नाही.

*

४१२ हा आकडा नेमका कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न मला पडायला दोन वर्षं लागली. विमानतळ म्हणजे काही बिंदू नव्हे. पण नकाशावर त्याला एकच अक्षांश-रेखांश द्यावे लागतात, म्हणून प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो, धावपट्ट्यांच्या साधारण मध्याजवळ. धावपट्टी एकच असेल तर हा बिंदू बहुधा तिच्या मध्याच्या आसपास. म्हणजे माझं अंतर सुरू होतं धावपट्टीच्या अधेमधे आणि संपतं दुसऱ्या धावपट्टीच्या अधेमधे. तिथे मी कधी उभी राहिलेली नाही, राहूही देणार नाहीत. दादा तर त्या जागेपासून अर्धा-पाऊण किलोमीटर अलीकडे, बाहेरच्या कठड्यापाशी थांबतो. हातात गाडीची किल्ली फिरवत.

आमच्या विमानतळावर याची आणखी गंमत होते. मोठ्या ठिकाणी धावपट्टीला समांतर रस्ता असतो, विमान त्यावरून थेट टोकाला जातं. इथे तो नाही. विमान उभं राहायच्या जागेवरून एक छोटा रस्ता धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर येऊन मिळतो. तिथून विमान धावपट्टीवरूनच उलट दिशेनं टोकापर्यंत चालत जातं, टोकाला काँक्रीटचा गोल फुगवटा आहे त्यावर स्वतःभोवती वळतं, क्षणभर थांबतं आणि मग धावतं. वैमानिक याला बॅकट्रॅक म्हणतात. म्हणजे अंतर मोजायचा जो शून्य बिंदू, तो मी आधी उलट्या दिशेनं रांगत ओलांडते, आणि चारेक मिनिटांनी सुलट्या दिशेनं पळत. पहिल्या वेळी शेजारच्या काकांनी विचारलं होतं, "परत चाललोय का?" तेव्हा मी हसले होते. पुढे त्या हसण्याची मला आठवण राहिली.

विमान त्याच टोकाकडून उडेल असंही नाही. उडताना आणि उतरताना समोरून वारा घ्यायचा असतो. धावपट्टीच्या टोकावर रंगवलेला मोठा आकडा तिच्या दिशेचा असतो, होकायंत्राच्या अंशांतलं शेवटचं शून्य काढून. पूर्वेला तोंड असेल तर ०९, पश्चिमेला असेल तर २७. दादाचं गाव माझ्या पूर्वेला आहे. वारा पश्चिमेचा असला की विमान आधी पश्चिमेला उडतं, म्हणजे दादाकडे पाठ करून, आणि मग डाव्या पंखावर कलत मोठा वळसा घेतं. त्या वळणात खिडकीतून आमची वस्ती पुन्हा एकदा दिसते. गच्चीवर वाळत घातलेले कपडे मला एकदा दिसले होते. माझेच होते असं मी म्हणत नाही.

*

वेळेकडे यायला हवं, कारण तिकिटावर अंतर नसतंच, वेळ असतो.

अंतर सांगणाऱ्या त्या संकेतस्थळांची वेळ काढायची रीत सोपी आहे. तासाला आठशेच्या आसपास किलोमीटरचा वेग धरायचा, अंतराला भागायचं आणि उडण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा. आमच्या ४१२ ला उत्तर येतं एक तास. जेट विमान जात असतं तर ते बरंच जवळ आलं असतं. पण आमचं विमान पंख्यांचं. त्याचा सपाट उडतानाचा वेग तासाला ५०० किलोमीटरच्या आसपास, आणि तरी हवेतला वेळ तासाच्या आतबाहेरच येतो. चुकीच्या वेगानं बरोबर उत्तर. याचं कारण तो अर्धा तास. कुठे कमी पडेल तिथे तो भरून निघतो.

पण हाच हिशेब स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर लावून बघा. तिथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून विमान जातं. अंतर २.७ किलोमीटर, मोठ्या विमानतळाच्या एका धावपट्टीएवढं. वेळापत्रकात उड्डाणाला दोन मिनिटं दिलेली असतात, आणि वारा चांगला मिळाला तेव्हा ५३ सेकंदांत हा प्रवास झाल्याची नोंद आहे. आपलं सूत्र सांगेल, अर्धा तास आणि वर बारा सेकंद. जगातला सर्वांत छोटा नियमित विमानप्रवास आणि त्याच्या अंदाजात पंधरापट चूक. मला मात्र त्या ५३ सेकंदांपेक्षा दुसरीच गोष्ट सारखी आठवते. त्या प्रवाशालाही आधी विमानतळावर येऊन बसावं लागत असणार. बॅग मांडीवर, नजर वाऱ्याच्या पिशवीकडे. दोन मिनिटांसाठी किती वेळ बसला असेल?

आमच्या उड्डाणाचे तुकडे मी एकदा घड्याळ लावून मोजले. विमान साधारण १७,००० फुटांवर जातं. तिथवर चढायला पंधरा-सोळा मिनिटं, तेवढ्यात नव्वदेक किलोमीटर मागे पडतात. उतरायचा वैमानिकांचा एक ठोकताळा आहे: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. सतरा हजारांना ५१ मैल, म्हणजे ९४ किलोमीटर. तेव्हा पोचायच्या ९४ किलोमीटर आधीच नाक खाली वळतं. चढ आणि उतार वजा केले की सपाट उडायला उरतात सव्वादोनशे किलोमीटर, जेमतेम सत्तावीस मिनिटं. सीटबेल्टचा दिवा विझतो, कोणीतरी उठून मागे जातं, परत येऊन बसतं, आणि दिवा लागतो. विमानानं गेले असं मी ज्याला म्हणते ते एवढंच.

बाकीचं जमिनीवर असतं, आणि मला ते जास्त आवडतं. आमच्या विमानात मागच्या दारानं चढतात. दारालाच जिना आहे, तो खाली उघडतो. सामान पुढे, वैमानिकांच्या पाठीमागच्या खोलीत. माणसं मागून चढत असल्यानं विमान शेपटीवर बसू नये म्हणून शेपटीखाली एक टेकू लावलेला असतो, सायकलच्या स्टँडसारखा. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जिन्यावर जरा जपून पाय ठेवला होता. उजवं इंजिन धडधडत असतं पण त्याचा पंखा फिरत नसतो. पंख्याला ब्रेक लावून नुसत्या इंजिनावर वीज आणि गार हवा चालवायची ही सोय, तिला हॉटेल मोड म्हणतात. नाव कोणी ठेवलं असेल कोण जाणे. सत्तर माणसं गुडघे समोरच्या सीटला टेकवून बसलेली, आणि त्याला हॉटेल म्हणायचं.

मग दार लागतं. खालचा माणूस टेकू काढतो, काखेत मारतो. चाकांपुढचे पिवळे ठोकळे ओढून बाजूला घेतो, दोरीला धरून, हातात दोन पायताणं लटकवावीत तसे. आणि अंगठा वर करतो.

त्या ठोकळ्यांना इंग्रजीत चॉक म्हणतात, किंवा ब्लॉक. ब्लॉक टाइम हा शब्द त्यावरून आला. चाकांपुढचे ठोकळे निघाले की प्रवास सुरू, पलीकडे ठोकळे लागले की संपला. तिकिटावरचा वेळ हाच. वैमानिकांचे तास यावरूनच मोजतात. ढग, उंची, वेग काही असो, हिशेब लागतो लाकडाच्या नाहीतर रबराच्या त्या दोन तुकड्यांवर.

हे वाचलं तेव्हा मला आई आठवली. माझ्या प्रत्येक प्रवासात तिचे दोनच फोन असतात. "निघालीस का?" आणि "पोचलीस का?" किती लांब, किती वर, कुठून, तिला काहीएक नको असतं. दादा मध्येच एखाद्या ॲपवर विमानाचं पिवळं चित्र तिला दाखवतो, "ही बघ, इथे आहे ती." आई चष्मा वर करून बघते आणि म्हणते, "ते राहू दे. पोचल्यावर सांग."

मी त्या दिवसापासून एक छोटी वही ठेवली. पाच रकाने. तारीख, ठोकळे निघाले, ठोकळे लागले, मधली मिनिटं आणि अंतर. अंतराच्या रकान्यात दर वेळी ४१२. दादा म्हणाला, तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहायचा तर रकाना कशाला? मी म्हटलं, असू दे.

तिकिटावर एक तास वीस मिनिटं दिलेली असतात. वहीप्रमाणे लागतात एक तास सहा ते एक तास बारा. ही आठ ते चौदा मिनिटं विमान कंपन्या हातच्या राखतात. गणितात हातचा धरतो तसा, उत्तर चुकू नये म्हणून. आणि विमान ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत आलं तरी ते वेळेवरच मोजायची या व्यवसायात पद्धत आहे. म्हणून तर "आपण नियोजित वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो आहोत" अशी घोषणा इतक्या वेळा ऐकू येते. ती ऐकून पूर्वी मला बरं वाटायचं. आता मला माहीत आहे की ती माझीच दहा मिनिटं आधी काढून घेऊन मला परत दिली जातात. तरी बरं वाटतंच.

घरापासून दादाच्या दारापर्यंत धरलं तर साडेपाच तास लागतात. त्यातले सपाट उडायचे सत्तावीस मिनिटं. उरलेल्या पाच तासांना अंतरच नाही.

*

वारा हा एक वेगळाच विषय आहे आणि त्यात मला फसवलं गेल्याची भावना अजून आहे. मला वाटायचं, जाताना वारा पाठीशी असला तर येताना तोंडावर, म्हणजे फिटंफाट. तसं होत नाही. हिशेबाच्या सोयीसाठी अंतर ४०० धरा, विमानाचा वेग ताशी ५००. वारा नसेल तर जायला ४८ मिनिटं, यायला ४८. (आजोबांच्या मोजणीत नेमक्या दोन घटका. 'दोन घटका बसून जा' म्हणतात तेवढ्यात माणूस चारशे किलोमीटर जातं.) दोन्ही मिळून ९६. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा येऊ द्या. पाठीशी असेल तेव्हा वेग ६०० होतो, ४० मिनिटं. तोंडावर असेल तेव्हा ४००, साठ मिनिटं. बेरीज शंभर. चार मिनिटं हवेत विरली. कारण साधं आहे: वारा साथीला असतो तेव्हा आपण लवकर सुटतो, आणि आडवा येतो तेव्हा त्याच्या तावडीत जास्त वेळ राहतो. मदत आठ मिनिटांची, अडवणूक बारा मिनिटांची. हा हिशेब मी कागदावर तीनदा केला.

आमचं विमान तसं खालूनच जातं. खरे वारे वर, तीस-चाळीस हजार फुटांवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे नदीसारखे वाहतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत त्यावर स्वार होऊन एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी सहा तासांहून जास्त लागतात. हे वारे पहिल्यांदा नीट मोजले वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञानं, १९२० च्या दशकात, छोटे फुगे सोडून आणि दुर्बिणीतून त्यांच्या मागावर राहून. सगळ्या जगाला वाचता यावं म्हणून त्यानं आपला अहवाल एस्पेरांतो या नव्या, जगाची भाषा व्हावी म्हणून बनवलेल्या भाषेत लिहिला. परिणाम उलटा झाला. फारसा कोणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी विमानांना तो वारा आडवा आला तेव्हा त्यांच्या वैमानिकांना तो नवा होता. मला त्या माणसाबद्दल फार वाटतं. सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहायला गेला आणि कोणालाच कळलं नाही. घराघरातले फोन काही वेगळे नसतात.

*

आता त्या दिवसाचं.

पावसाळा सरत आला होता. इकडे ऊन होतं. ठोकळे निघाले २ वाजून १० मिनिटांनी, आईला "निघाले गं" सांगून झालं, बॅकट्रॅक, वळण, उड्डाण, सगळं नेहमीसारखं. पंचावन्नाव्या मिनिटाला चाकं खाली यायचा तो घुरघुराट व्हायला हवा होता. झाला नाही. विमान कललं, सरळ झालं, पुन्हा कललं. खाली ढगांच्या भोकातून एक तळं दिसलं, एका बाजूला चोच असलेलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच तळं. मग तिसऱ्यांदा.

हवेत थांबून राहायची एक ठरलेली आकृती असते, धावण्याच्या मैदानासारखी लांबट गोल. वळायचा वेग सेकंदाला तीन अंश, म्हणजे अर्धं वळण एका मिनिटात. मग एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, एक मिनिट सरळ. एक फेरी चार मिनिटांची. हे मला माहीत होतं म्हणून मी तळी मोजत होते. तीन तळी, बारा मिनिटं. शेजारच्या मुलीनं विचारलं, "एवढी तळी आहेत इथे?"

मोठ्या विमानतळांवर ढगातून खाली आणायला उपकरणं असतात. दादाच्या गावी तशी सोय नव्हती, तिथे वैमानिकाला डोळ्यांनीच बघून उतरावं लागतं आणि त्यासाठी पाचेक किलोमीटरवरचं दिसायला लागतं. त्या दिवशी तेवढं दिसत नव्हतं. ४१२ किलोमीटर येऊन झाले होते, अडलं होतं शेवटच्या पाचांवर. दादा खाली कठड्यापाशी उभा होता. त्यानं नंतर सांगितलं, विमानाचा आवाज डोक्यावरून तीनदा येऊन गेला. दिसलं नाही.

मग वैमानिक बोलला. आवाज अगदी शांत, जणू वाचून दाखवत होता. आपण जिथून निघालो तिथे परत जात आहोत. लहान विमानतळावर इंधन भरायची सोय नसेल तर विमान परतीचंही इंधन सोबत घेऊन निघतं, म्हणून हे जमतं. कोणी आरडाओरडा केला नाही. मागे एका गृहस्थांनी फक्त "अरे देवा" म्हटलं, तेही हळू. मी खिडकीला डोकं टेकवून बसले आणि मला नववीचं विज्ञानाचं पुस्तक आठवलं. अंतर आणि विस्थापन यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा. मुलगा घरातून निघून शाळेत जातो आणि परत घरी येतो, तेव्हा त्यानं कापलेलं अंतर अमुक आणि विस्थापन शून्य. दोन गुणांचा प्रश्न. मी दर वेळी बरोबर लिहायचे.

ठोकळे लागले ४ वाजून ३२ मिनिटांनी. तोच माणूस, तेच पिवळे ठोकळे, दोरीला धरलेले. त्यानं टेकू लावला आणि आमच्याकडे न बघता बाजूला झाला. साडेआठशे किलोमीटरच्या वर उडून मी त्याच जिन्यानं उतरले होते आणि ऊन अजून होतं. आत सामानाच्या पट्ट्यापाशी सगळे उभे राहिलो, गावाला जाऊन आल्यासारखे. काउंटरवरच्या मुलीनं उद्याच्या विमानात जागा दिली. तिचीही चूक नव्हती, पण तेव्हा मला ते मान्य करायचं नव्हतं.

रिक्षात बसल्यावर वही काढली. तारीख लिहिली, २:१० लिहिलं, ४:३२ लिहिलं, १४२ मिनिटं लिहिली. अंतराच्या रकान्यात पेन अडलं. शून्य लिहिलं, खोडलं. ४१२ लिहिलं, तेही खोडलं. तेवढ्यात आईचा फोन आला. दादा अजून घरी पोचला नव्हता, त्यामुळे तिला काहीच माहीत नव्हतं.

"पोचलीस का?" आईनं विचारलं. हळू आवाजात, कारण तिच्या हिशेबानं मी आता जवळ होते.

मला सगळं सांगायचा कंटाळा आला होता. मी कुठेतरी पोचले होते हे तर खोटं नव्हतं. मी म्हटलं, "हो, पोचले."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, आणि या वेळी ओरडूनच म्हणाली, "मग आवाज एवढा लांबून का येतोय?"